पुस्तकावरून काढलेला सिनेमा किंवा सिरीयल: मुळापेक्षा जास्त काय आवडलं?

अवांतरवाचक

मला एखादं पुस्तक फार आवडलं की त्याच्यावरचा सिनेमा बघायला जीव धजत नाही. पडद्यावर एकदा चेहरा दिसला की आपल्या मनातला चेहरा गेलाच म्हणून समजा, मग परत पुस्तक उघडलं तरी तोच नट समोर येऊन उभा राहतो. 'शाळा'चं माझं असंच झालं. मिलिंद बोकिलांची कादंबरी मी कॉलेजात असताना वाचली आणि नंतर किती वेळा वाचली असेल देव जाणे, त्यातली शिरोडकर मला अगदी स्पष्ट दिसायची, आणि आता डोळे मिटले की केतकी माटेगावकरच दिसते. तिने काम वाईट केलंय असं अजिबात म्हणायचं नाहीये, उलट सगळीच मुलं त्या सिनेमात छान वावरलीत आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

पण ती कादंबरी सगळी मुकुंद जोशीच्या डोक्यात घडते ना. बाहेर आणीबाणी चालू आहे, घरात मोठी माणसं काहीतरी गंभीर बोलतायत, वर्गात सर शिकवतायत आणि ह्याचं लक्ष मुलींच्या बाकांकडे, आणि मनातल्या मनात सगळ्यांवर त्याची कॉमेंट्री चालू. कोण कसं चालतं, कोण काय लपवतं, सुऱ्या आता काय करणार, सगळं त्याच्या तोंडून. ती कॉमेंट्री काढली की नुसता एक बघत बसलेला शांत मुलगा उरतो. पुस्तकात तो शांत नाहीच्चे, बाहेरून गप्प असेल पण आतून अखंड बडबडतोय, आणि मला तोच आवडला होता.

उलट जे मी आधी पडद्यावर बघितलं आणि मग वाचलं त्याचा कधी त्रास झाला नाही. 'मालगुडी डेज' लहानपणी टीव्हीवर बघितलं, ती सुरुवातीची धून, आर. के. लक्ष्मण यांची चित्रं, मास्टर मंजुनाथने केलेला स्वामी, आणि कितीतरी वर्षांनी पुस्तक हातात घेतलं तेव्हा स्वामी त्याच्याच चेहऱ्याने आला तरी काही बिघडलं नाही, पुस्तक तेवढंच आवडलं. म्हणजे आधी काय भेटतं एवढाच फरक आहे का? की अजून काही?

तर असं काही तुम्हाला आठवतंय का की पुस्तक जिवापाड आवडतं आणि पडद्यावरचंही तेवढंच, किंवा चक्क जास्त आवडलं? नुसती नावं टाकू नका प्लीज, का आवडलं ते लिहा, एखादा सीन सांगा.

तिसरी घंटा

मी नाटकवाली आहे त्यामुळे एकाच भूमिकेत चार-पाच जणांना बघायची सवय आहे, मला चेहऱ्याचा एवढा त्रास होत नाही. माझ्यासाठी सगळा खेळ पटकथेचा. मूळ पुस्तकातलं काय ठेवलं आणि काय सोडलं, आणि जे सोडलं ते सोडायची हिंमत होती का.

माझं उत्तर 'सिंहासन'. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या आहेत त्यामागे, 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन', आणि विजय तेंडुलकरांनी त्या दोन्हींची मिळून एक पटकथा केली, दिग्दर्शन जब्बार पटेल, साल १९७९. 'मुंबई दिनांक' ज्यांनी वाचलीये त्यांना माहितीये त्यात केवढी माणसं आहेत, किती धागे आहेत, शहरच्या शहर उभं केलंय साधूंनी. त्यातलं सगळं घ्यायला गेलं असतं तर सिनेमा तीन तासात काय सहा तासात मावला नसता. तेंडुलकरांनी सुरुवातच कशी केलीये बघा, मुख्यमंत्र्यांना एक निनावी फोन येतो की तुमचं सरकार पाडायचा डाव चाललाय. बस. एक फोन आणि तिथून पुढे अरुण सरनाईकांचे जिवाजीराव प्रत्येक माणसाकडे संशयाने बघायला लागतात आणि त्यांच्याबरोबर आपणही. पुढे समजावून सांगायची गरजच पडत नाही, राजकारण म्हणजे काय ते त्या बघण्यातच कळतं.

आणि चेहऱ्याचं म्हणाल तर निळूभाऊ फुले. चारच वर्षं आधी ह्याच दिग्दर्शकाच्या 'सामना'मध्ये ते हिंदुराव धोंडे पाटील होते, सगळ्या गावाला मुठीत ठेवणारा सत्ताधीश, आणि इथे तेच दिगू टिपणीस, साधा पत्रकार, खांदे किंचित पडलेले, सगळ्यांच्या केबिनमध्ये जाणारा, सगळ्यांचं ऐकून घेणारा. मी कादंबरी आधी वाचली होती आणि माझा दिगू पूर्ण वेगळा होता, पण त्यांना बघितल्यावर माझाच दिगू मला कच्चा वाटायला लागला. श्रीराम लागूंचे दाभाडे अर्थमंत्री, ते पण तसेच. एवढे मोठे नट आणि कोणीही स्वतःसाठी सीन ओढून घेत नाही, हे मला अजूनही नवल वाटतं. शिवाय 'उषःकाल होता होता'. सुरेश भटांची ती रचना कादंबरीत असणं शक्यच नव्हतं, सिनेमाने ती आणली आणि आता मला कादंबरी वाचतानाही ती ऐकू येते. पडद्याने पुस्तकाला काही देणं म्हणतात ते हे.

निळाई

मी वेगळ्या भाषेतलं सांगते, चालेल ना? 'गाईड', आर. के. नारायण यांच्या इंग्रजी कादंबरीवरचा हिंदी सिनेमा.

नारायण यांना स्वतःला हा सिनेमा आवडला नव्हता, त्यांनी त्याच्यावर लेख लिहून नाराजी सांगितली होती, आणि त्यांचं दुःख मला पटतं. कादंबरीत शेवटी उपासाने पार थकलेला राजू नदीत उभा आहे, तो म्हणतो की डोंगरात पाऊस पडतोय, मला पायाखाली जाणवतंय, आणि खाली कोसळतो. पाऊस खरंच आला का, तो मेला का, लेखक सांगतच नाही. सिनेमात मात्र पाऊस धो धो पडतो. कादंबरीतला मार्को, म्हणजे रोझीचा नवरा, तोसुद्धा दुष्ट नाहीये, त्याला बायकोपेक्षा गुहा आणि शिल्पं जास्त जवळची वाटतात एवढंच, सिनेमात त्याला दुसऱ्या बाईच्या नादी लावलाय म्हणजे रोझी घर सोडते ते प्रेक्षकांना मान्य व्हावं. कादंबरीतल्या रोझीला असल्या परवानगीची गरज नव्हती.

एवढं सगळं मला दिसतं, खटकतं, आणि तरीही वहीदा रेहमान 'आज फिर जीने की तमन्ना है' म्हणत निघते तेव्हा कादंबरी मी बाजूला ठेवते. नाचणाऱ्या बाईबद्दल वाचणं वेगळं आणि तिला नाचताना बघणं वेगळं. नारायण यांनी रोझीचं नृत्य लिहिलंय, पण ते आपल्याला राजूच्या नजरेतून कळतं, आणि राजूला नाचातलं फार काही कळत नाही. सिनेमात आपण थेट बघतो. ह्या एका गोष्टीसाठी मी दोन्ही ठेवते, एकावर दुसरं नाही.

गोधडी

अवांतरवाचक, तुमचं 'आधी काय भेटतं' हे मला पटत नाही. मी 'बनगरवाडी' आधी वाचली, मग अमोल पालेकरांचा सिनेमा बघितला आणि माझं काहीही पुसलं गेलं नाही. आणि मला वाटतं त्याचं कारण व्यंकटेश माडगूळकरांच्या लिहिण्यात आहे. ते स्वतः चित्रं काढायचे हे लिहिण्यात दिसतं, माणूस दिसतो, उजेड दिसतो, मेंढरांचे कळप दिसतात, आणि भावना मात्र ते कधी सांगत बसत नाहीत. पहाटे अंधारात एकटा चालत निघालेला तो तरुण मास्तर, तिथून कादंबरी सुरू होते, आणि चालता चालता काय काय दिसतं तेवढंच आहे. कॅमेरा अजून वेगळं काय करणार?

त्यातली शेकूची गोष्ट आठवते का? पेरणीच्या वेळेला त्याच्याकडे एकच बैल, दुसरा कुठून मिळत नाही, तर त्याची बायको स्वतः जुवाला खांदा देते. माडगूळकर त्याच्यावर एक शब्द जास्तीचा लिहीत नाहीत. दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर दोन पानं अश्रू ढाळले असते. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते अर्धं पान परत परत वाचलं, कारण मला वाटलं माझ्याकडून काहीतरी वाचायचं राहिलंय, एवढी मोठी गोष्ट एवढ्यात कशी संपली.

आता सिनेमा मला पुस्तकाइतका आवडला का, तर नाही, खरं सांगायचं तर पुस्तक वरच आहे. पण तो पुस्तकाच्या चालीने चालतो, घाई करत नाही, आणि शेवटी दुष्काळात वाडी रिकामी होत जाते ते बघताना पोटात तसंच तुटतं. चंद्रकांत मांढरेंचा कारभारी मला फार फार आवडला. त्यामुळे माझ्या मते पुस्तक ज्या जातीचं आहे त्यावर सगळं अवलंबून आहे. 'शाळा' मनात घडते म्हणून निसटली, 'बनगरवाडी' डोळ्यासमोर घडते म्हणून टिकली.

नेमाड्यांच्या 'कोसला'ला तर कोणी हातच लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पांडुरंग सांगवीकरचं बोलणं हीच कादंबरी आहे. त्याच्या आयुष्यात 'घडतं' काय, शिकायला जातो, नापास होतो, परत येतो. हे पडद्यावर दाखवून काय मिळणार?

अवांतरवाचक

गोधडी, हे बरोबर वाटतंय. माझ्या डोक्यात सगळी भानगड चेहऱ्याची होती पण तुम्ही म्हणताय तसा तो आवाजाचा प्रश्न आहे. निवेदकाचा आवाज हरवला की पुस्तक हरवतं. पण मग प्रथमपुरुषी कादंबऱ्या कुणी करूच नयेत का? 'बनगरवाडी' पण मास्तरच सांगतो की, 'मी' 'मी' करून. फक्त तो स्वतःबद्दल कमी आणि दुसऱ्यांबद्दल जास्त सांगतो.

तिसरी घंटा, 'सिंहासन' मी बघितलाय पण कादंबऱ्या दोन्ही राहिल्यात, आता 'मुंबई दिनांक'पासून सुरू करते.

चष्मेवाला

सगळे सिनेमांबद्दलच बोलताय, टीव्हीचं कोणीतरी बोला. माझ्या मते पुस्तकाला खरा न्याय सिरीयल देते, कारण तिच्याकडे वेळ असतो. सिनेमाला चारशे पानं दोन तासात कोंबावी लागतात.

विशेषतः जिथे एकच माणूस आणि त्याच्या वेगवेगळ्या गोष्टी असतात तिथे सिरीयल अगदी फिट बसते. बासू चटर्जींची 'ब्योमकेश बक्शी' ही गुप्तहेराची मालिका घ्या. शरदिंदु बंद्योपाध्यायांच्या कथा, एक कथा एक किंवा दोन एपिसोड, रजित कपूर धोतर-कुर्त्यात, शांत आवाजात बोलणारा, कुठेही पळापळ नाही, बंदुका नाहीत, संवादांवर आणि निरीक्षणावर सगळं चालतं. ९३ साली दूरदर्शनवर आली ती आणि तेव्हाचं साधं चित्रीकरण आज बघताना जुनाट वाटेल कदाचित, पण एकदा कथेत शिरलं की मागचं काही दिसत नाही. मी बंगाली कथा अनुवादात नंतर वाचल्या आणि मला प्रत्येक वेळी वाटलं की अरे हे तर तसंच्या तसं केलं होतं. तेच इंग्रजीत जेरेमी ब्रेटचा होम्स आणि डेव्हिड सुशेचा पॉइरो. सुशेने तर १९८९ ते २०१३ म्हणजे जवळपास चोवीस वर्षं तो एकच माणूस केला, आणि अगाथा ख्रिस्तीबाईंच्या पॉइरोच्या जवळजवळ सगळ्या गोष्टी केल्या. त्याची ती छोटी छोटी पावलं टाकत चालायची पद्धत, दोन उकडलेली अंडी अगदी एका मापाची हवीत हा हट्ट, हे सगळं पुस्तकातून उचललेलं. एवढा वेळ सिनेमात कोण देणार?

आणि चेहऱ्याबद्दल अवांतरवाचकांना एक सांगायचंय. चिं. वि. जोशींचा चिमणराव म्हटलं की एका अख्ख्या पिढीला दिलीप प्रभावळकर दिसतात आणि गुंड्याभाऊ म्हटलं की बाळ कर्वे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी दूरदर्शनवर आली ती मालिका. पण त्याच्याही आधी १९४० साली 'लग्न पहावे करून' नावाच्या सिनेमात दामुअण्णा मालवणकरांनी चिमणराव केला होता, आणि त्या पिढीला तोच खरा वाटत असणार. पुस्तकातला चिमणराव दोघांनाही पुरून उरला. मी मालिका बघून मग पुस्तकं वाचली आणि काही पानांनंतर प्रभावळकर बाजूला झाले, कारण जोशींची वाक्यंच एवढी जोरकस आहेत. ज्या पुस्तकाची भाषा भक्कम आहे त्याला नट खाऊ शकत नाही. हे माझं ठाम मत आहे.

'फास्टर फेणे'चं मात्र मला दुःख आहे. २०१७चा सिनेमा चांगला जमलाय, अमेय वाघ आवडतो, प्रभावळकरांना मूळ लेखक भा. रा. भागवत म्हणून आणायची कल्पना तर फारच सुंदर. पण माझा फाफे शाळकरी होता. शाळकरी पोराने सायकलवरून गुन्हेगारांचा माग काढणं आणि मोठ्या मुलाने काढणं ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण पोराचं कोणी ऐकत नसतं, आणि त्या गोष्टींची सगळी मजा त्यातच होती.

कुंपण

ते उलटं पण खरं आहे चष्मेवाला. लांब कादंबरीला सिरीयल हवी हे कबूल, पण सिनेमाला कादंबरी नकोच, कथा हवी. माझे सगळे आवडते सिनेमे कथांवरून आलेत. 'श्वास' माधवी घारपुरे यांच्या कथेवरून. मुळात गोष्ट केवढीशी आहे, आजोबा नातवाला डोळ्याच्या उपचारासाठी शहरात आणतात, कॅन्सर निघतो, जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार. संपली गोष्ट. आता ह्यात सिनेमाला जागा आहे. ऑपरेशनच्या आधी आजोबा पोराला गुपचूप हॉस्पिटलमधून बाहेर घेऊन जातात, सगळं बघून घे म्हणून, आणि पडद्यावर आपणही त्याच्याबरोबर बघत असतो, रस्ता, माणसं, खेळणी. हे वाचून होणार नाही, हे बघायलाच लागतं. बघण्याबद्दलची गोष्ट आहे ती. अरुण नलावडे आणि अश्विन चितळे, दोघांपैकी कोण जास्त आवडलं मला अजून ठरवता येत नाही.

पालेकरांनीच जी. ए. कुलकर्णींच्या 'कैरी' ह्या कथेवर सिनेमा केलाय तो पण बघा. जी. ए. वाचणाऱ्यांना भीती वाटते की त्यांचं काही पडद्यावर आणलं की भाषा जाणार, आणि जातेच, पण त्या पोरक्या मुलीचं आणि मावशीचं नातं राहतं.

इंग्रजीतलं सांगायचं तर 'शॉशँक', म्हणजे 'द शॉशँक रिडेम्प्शन'. स्टीफन किंगची मूळ दीर्घकथा १९८२ची, सिनेमा १९९४चा. कथा सांगणारा कैदी रेड मुळात आयरिश आहे, लालसर केसांचा, आणि सिनेमात मॉर्गन फ्रीमन. आता ज्याने सिनेमा बघितलाय त्याला दुसरा रेड सुचूच शकत नाही. इथे तुमचा निवेदकाचा आवाजही टिकवलाय, फ्रीमन सांगतो आणि आपण ऐकतो. कथा संपते तिथे रेड निघालाय, त्याला आशा आहे की मित्र भेटेल, एवढंच. सिनेमात समुद्रकिनारा दाखवलाय, भेट होते. मला विचाराल तर मला कथेचा शेवट जास्त आवडतो पण सिनेमा बघताना भेट झाली नसती तर मी कोणालाच माफ केलं नसतं. दोन्ही खरं आहे.

निळाई

कुंपण, मी 'श्वास' बघून जेवले नव्हते त्या रात्री. परत बघायची हिंमत झाली नाही, पण माझ्या आवडत्यांमध्ये तो कायम आहे. परत बघता न येणारी गोष्ट आवडती असू शकते हे कोणाला पटवून देता येत नाही.

सांजवेळ

'नटरंग' कोणीच कसं काढलं नाही अजून? आनंद यादवांची कादंबरी वाचलीये का कोणी? मी सिनेमा आधी बघितला, कादंबरी नंतर. अतुल कुलकर्णींनी आधी पैलवानासारखं शरीर कमावलं आणि मग तमाशातल्या नाच्यासाठी ते उतरवलं, हे पडद्यावर बघताना अंगावर येतं, कारण राजाची भूमिका करायची स्वप्नं बघणारा गुणा आपल्या डोळ्यादेखत वेगळाच माणूस होत जातो. चालणं बदलतं, हात बदलतात, मान बदलते. घरचे, गाव, सगळे त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतात आणि तो तरी कला सोडत नाही. अजय-अतुलची गाणी तर आहेतच. पण शेवटी त्याला सन्मान मिळतो ते मला नको होतं. ज्या माणसाने एवढं सोसलं त्याला टाळ्या मिळाव्यात असं प्रेक्षक म्हणून वाटतं हे मान्य, पण टाळ्यांनी हिशोब पूर्ण झाल्यासारखा वाटतो, आणि तो हिशोब पूर्ण होणारा नाहीये.

आता माझं खरं उत्तर, 'उंबरठा'. शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून, पटकथा परत तेंडुलकर आणि दिग्दर्शन परत जब्बार पटेल, तिसरी घंटा, तुमचीच जोडी. स्मिता पाटीलची सुलभा महाजन घरदार, नवरा, लहान मुलगी सोडून महिला सुधारगृहाची अधीक्षिका म्हणून जाते. मी हा सिनेमा वेगवेगळ्या वयात बघितलाय आणि दर वेळी वेगळा वाटलाय. विशीत बघितला तेव्हा मी पूर्ण सुलभाच्या बाजूने होते, घरातले सगळे खलनायक. लग्न आणि मूल झाल्यावर बघितला तेव्हा मुलीला सोडून निघताना तिचा चेहरा मला बघवेना, आणि मला तिचा थोडा रागही आला. हल्ली परत बघितला आणि आता मला सुधारगृहातल्या बायका दिसल्या, ज्यांच्याकडे मी आधी नीट बघितलंच नव्हतं, ज्यांना सोडून यायला घरच नाहीये.

त्यात गिरीश कर्नाडांनी केलेला नवरा मारकुटा नाही, दारुडा नाही, सुशिक्षित आहे, वकील आहे, नीट बोलतो. आणि ती परत येते तेव्हा कळतं की त्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलीये, आणि ते तो जेवढ्या शांतपणे सांगतो ते आरडाओरडा करण्यापेक्षा भयंकर आहे. निळाई, तुम्ही मार्कोबद्दल लिहिलंत तेव्हा मला हेच आठवलं. वाईट माणूस दाखवला की गोष्ट सोपी होते. इथे सोपी केली नाहीये. आणि 'सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या' हे गाणं मी नुसतं ऐकत नाही, मला ते सुलभाच्या चेहऱ्याशिवाय ऐकताच येत नाही. पडद्यावरचा चेहरा डोक्यात बसतो म्हणून अवांतरवाचकांची तक्रार आहे, मला तो बसलेला हवाय.

तिसरी घंटा

सांजवेळ, सुधारगृहातल्या बायकांचं लिहिलंत ते वाचून थांबले. मी तो सिनेमा नेहमी स्मितासाठीच बघितलाय. परत बघणार, आता त्यांच्याकडे बघून.

'नटरंग'च्या शेवटाबद्दल मात्र भांडणार. तमाशातल्या, लोककलेतल्या किती जणांना त्यांच्या हयातीत साधं नाव मिळालं नाही, त्यातल्या एकाला पडद्यावर का होईना मान मिळाला तर मला ते गोड वाटत नाही, न्यायाचं वाटतं. आणि गुणाच्या म्हातारपणीच्या चेहऱ्यावर आनंद कुठे आहे? नीट बघा, तिथे टाळ्या आहेत, आनंद नाहीये.

चष्मेवाला

जब्बार पटेलांचाच 'जैत रे जैत' राहिला. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, ठाकर आदिवासींचा नाग्या, लिंगोबाचा डोंगर आणि त्याच्यावरची राणीमाशी, जिने डंख मारून त्याचा डोळा घेतला. हा सिनेमा संवादांपेक्षा गाण्यांवर चालतो, ना. धों. महानोरांचे शब्द आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. 'नभ उतरू आलं' लागलं की कादंबरीतला डोंगर, पाऊस, अंगाला येणारा ओलाव्याचा वास सगळं एकदम येतं. गोनीदांच्या गद्यातच मुळात एक लय आहे, ती पकडायला गाणीच लागणार होती, साध्या सीनने जमलं नसतं. निवेदकाचा आवाज हरवतो म्हणत होतात ना, इथे तो गाण्यात गेलाय.

अवांतरवाचक

हे फार आवडलं, आवाज गाण्यात जाणं. म्हणजे दिग्दर्शकाने पुस्तकाचा आवाज कुठे ठेवायचा ते शोधायचं. 'शॉशँक'मध्ये फ्रीमनच्या तोंडी ठेवला, 'जैत रे जैत'मध्ये गाण्यात, 'सिंहासन'मध्ये निळूभाऊंच्या गप्प ऐकून घेण्यात.

आता उलटा प्रश्न. कुठल्या पुस्तकावर काही यावं असं मनापासून वाटतं? माझं 'रारंगढांग'. प्रभाकर पेंढारकर स्वतः सिनेमावाले, दिग्दर्शक भालजींचे चिरंजीव, माहितीपट केलेले, त्यामुळे हिमालयातला तो उभा कडा, खाली सतलज, सुरुंग, रस्ता खोदणारे मजूर सगळं आधीच कॅमेऱ्यातून बघितल्यासारखं लिहिलंय. आणि मधोमध इंजिनिअर विश्वनाथ आणि त्याचा वरिष्ठ मेजर बंबा, माणसाचा जीव की वरून आलेला हुकूम. मला त्याची सिरीयल हवीये, आठ-दहा एपिसोडची, सिनेमा नको.

कुंपण

सिरीयलला हो, पण एका अटीवर, बॅकग्राऊंड म्युझिक नको. त्या कड्यावर वारा, ड्रिल आणि सुरुंगाआधीची शिट्टी एवढंच ऐकू यायला पाहिजे. आणि विश्वनाथला पहिल्या एपिसोडपासून हिरो करू नका. तो तिथे नवा आहे, त्याला डोंगर माहीत नाही, तो हळूहळू शिकतो आणि मगच अडून बसतो.

गोधडी

आणि मेजर बंबाला खलनायक करू नका! त्याची पण बाजू आहे, त्याला रस्ता वेळेत पुरा करायचाय आणि तो रस्ता कशासाठी हवाय हे त्याला विश्वनाथपेक्षा जास्त माहितीये. तो नुसता आडमुठा दाखवला तर मी पहिल्याच एपिसोडला टीव्ही बंद करेन.